झाकणाखालचं पाणी

तारीचे ओठ फुटले तेव्हा मी आधी साय लावली, मग तूप. उन्हाळ्यात लेकरांचे ओठ फुटतातच, असं आमच्या घरमालकीण केवळामावशी म्हणाल्या. त्यांनी पाच लेकरं वाढवलेली, म्हणून मी गप्प बसले. पण माझी नजर काही हटेना. पोरगी मोरीकडं जायची ती सकाळी एकदा, तीही नावापुरती, आणि रंग बघावा तर हळदीच्या पाण्यासारखा. दुपारी अंगाला हात लावला की कोरडं, कढत. खेळता खेळता मध्येच भिंतीला टेकून बसायची.

मग मी तिच्या पाण्यावर पाळत ठेवली. एरवी मी ग्लास भरून द्यायचे आणि माझ्या कामाला लागायचे. त्या दिवशी दाराआड थांबले. तारीनं दोन घोट घेतले, तोंड पुसलं, माठावरचं झाकण हळूच बाजूला केलं आणि उरलेलं पाणी कडेकडेनं, आवाज न होऊ देता, परत माठात ओतलं. झाकण ठेवलं. वर हात फिरवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

पाच वर्षांची होती ती. तिचा जन्म माझ्या माहेरी, देगलूरचा. तिथं आमच्या गल्लीत तेलगू आणि मराठी एकाच ताटात जेवतात, त्यामुळं पाण्याला तिचा पहिला शब्द 'नीळ्ळू'. पुढं मराठी चांगली बोलायला लागली तरी तहान लागली की दारात उभी राहून 'आई, नीळ्ळू' असंच ओरडायची. तो शब्द कितीतरी दिवसांत कानावर आलेला नाही, हे मला दाराआड उभं राहिल्यावर जाणवलं.

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिलाच उन्हाळा. तारीचे वडील उस्मानाबादच्या ऑफिसातून इकडं बदलून आले होते. गावभर पाट्या रंगवणं चाललेलं, भाड्याच्या इमारतींत ऑफिसं थाटलेली, कपाटं येऊन पडलेली पण त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पाऊस मात्र मागच्या साली पाठ फिरवून गेला होता. 'जिल्हा आला आन् पानी गेलं,' असं केवळामावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

त्यांच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. त्यांचे मालक शेषेराव गावाकडं, जळकोटच्या बाजूला, शेत आणि बैलं सांभाळून होते. मावशी इथं एकट्या. खोली बघायला गेलो तेव्हा आमच्या सामानात वर ठेवलेला बुद्धाचा फोटो त्यांनी बघितला. भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "खिळा म्याच ठोकून देते. तुम्ही भिंत फोडताल." आणि खरंच दिला ठोकून, सरळ, मजबूत.

तरी पाण्याचं एक होतं. नळाला पाणी यायचं तेव्हा तोटी त्याच सोडायच्या. आधी त्यांचे हंडे भरायचे, मग त्या मागं सरकायच्या आणि आमचे. त्यांचे हंडे ओट्यावर राहायचे, आमचे खाली. आमच्या भांड्यात पाणी ओतायची वेळ आलीच तर त्या वरून धार धरायच्या. कुणी कधी काही बोललं नव्हतं. पण अशा गोष्टी न बोलताच ऐकू येतात, आणि आपण त्याप्रमाणं पाय टाकायला लागतो.

तारीला मी जवळ घेऊन विचारलं, "पाणी परत का ओतलंस बाळा?"

"उरलं म्हणून."

"तुला तहान नाही लागत?"

"लागते." मग माठाकडं बघून, "पण गेलेलं परत येत नाही ना."

अंगणात एक आड होता. दिवाळीत आम्ही राहायला आलो तेव्हा तारी त्यात खडे टाकायची, 'बुडूक' असा आवाज आला की हसायची. संक्रांतीनंतर कधीतरी खड्याचा आवाज 'ठक' असा आला. दोन माणसं दोर लावून उतरली, वर येऊन म्हणाली, "गेलं पानी. आटलं." तारीनं ते मनात जपून ठेवलं होतं. आणि दुसरंही एक. तिचे वडील टंचाईच्या कामावर होते, टँकरबरोबर खेड्यापाड्यांत फिरायचे आणि शनिवारी घरी यायचे. ते आले की गूळ-पाणी द्यायचं काम तारीचं. एका शनिवारी नळ आलेला नव्हता, माठाच्या तळाला ग्लासभरही पाणी निघालं नाही. ते अर्धा ग्लास प्याले, हसले, 'बास' म्हणाले. तारी त्यांच्या गळ्याकडं बघत उभी होती.

तेव्हापासून ती त्यांच्यासाठी पाणी राखत होती. आपल्या घोटातून.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश खाली बसली. ते म्हणाले, "पोटात पाणी जायलाच पाहिजे. तुम्ही पाजा. नाहीतर मला भरती करून सलाईन लावावं लागेल. लघवीला आग सुरू झाली, ताप चढला, तर मग लेकरू दमतं." मी घरी येऊन तिला मांडीवर धरून चमच्यानं पाजायला बघितलं. तिनं पाणी तोंडात धरून ठेवलं आणि मी वळले तशी वाटीत सोडलं. रागावले, तर रडली. मग मला तिच्या डोळ्यांतून जाणाऱ्या पाण्याचीच धास्ती वाटायला लागली, आणि मी रागावणं सोडलं.

शनिवारी आलेल्या तिच्या वडिलांनी सांगून बघितलं. "बेटा, मला बाहेर मिळतं पाणी. टँकरच माझ्याकडं हाय." तिनं मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. टँकर असलेला माणूस अर्धा ग्लास पाण्यावर हसतो, हे तिनं बघितलेलं होतं. जाताना ते मला म्हणाले, "तू शिकलेली हायस. शिकवून बघ तिला. ती हट्टी नाही, तिला खरं वाटलं पाहिजे."

माझी बीएस्सी नांदेडची, विषय रसायनशास्त्र. बर्फ, पाणी, वाफ, आणि वाफेचं परत पाणी, हे मी परीक्षेत बाणांसकट काढलेलं. पाच वर्षांच्या पोरीला ते पटवायचं, म्हणजे त्यात अवघड काय, असं मला वाटलं.

बर्फापासून सुरुवात केली. संगप्पा नावाचा बर्फवाला गल्लीत सायकल घेऊन यायचा, भुश्शात गुंडाळलेली लादी पोत्याखाली झाकून. त्याच्याकडून एक तुकडा घेतला, ताटलीत ठेवला. तारीबरोबर गल्लीतली तीन-चार पोरंही गोल करून बसली. मी म्हटलं, "हा दगड आहे का पाणी?"

"गारेगार," एक पोरगी म्हणाली आणि तिनं चाटून घेतला.

तो वितळत गेला. मी सांगत गेले, बघा, घट्ट होतं ते पातळ झालं, पण पाणी तेच. कुठं गेलं नाही. पोरं ताटलीला बोटं लावून चोखत होती. तारी तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

"आता परत दगड कर," ती म्हणाली.

घरात फ्रीज नव्हता. गल्लीतही नव्हता. मी म्हटलं, "त्याला मशीन लागतं, कारखान्यात असतं."

"मग नाही येत परत."

"येतं बाळा, फक्त मला इथं करता येत नाही."

ओट्यावरून मावशी ऐकत होत्या. "बाई, लेकरू बरूबर बोलायलंय," त्या म्हणाल्या. "करता येत न्हाई ते हाय म्हनायचं, आसं देवळात चालतंय."

दुसऱ्या दिवशी मेणबत्ती घेतली. सकाळी वंदनेला लावलेल्या मेणबत्त्यांचे ओघळ फोटोखालच्या ताटलीत साचून राहायचे, ते खरवडून मी पळीत घातले आणि पळी दिव्यावर धरली. मेण पातळ झालं. काचेसारखं चकाकलं. खाली घेतलं, फुंकर घातली, पांढरं घट्ट झालं. हे मात्र तारीला आवडलं. तिनं स्वतः पळी धरली, मी तिचा हात धरला. पातळ, घट्ट, पातळ, घट्ट. दहा वेळा केलं असेल. ती हसलीही. मला वाटलं, जिंकले.

"मेण परत येतं," ती म्हणाली.

"पाणीही तसंच असतं."

"पाण्याचं दाखव."

भाताचं पातेलं चुलीवर होतंच. मी त्यावर कोरडी ताटली झाकली, वर ओलं फडकं ठेवलं, थोड्या वेळानं ताटली उलटी करून तिच्यापुढं धरली. आतून थेंबच थेंब. वाफ वर गेली, गार ताटलीला लागली, परत पाणी झाली. थेंब वाटीत निथळले. तारीनं वाटी उचलून तळ बघितला, मग पातेल्यात डोकावली.

"एवढंच आलं. बाकीचं कुठंय?"

"बाजूनं निसटलं. हवेत गेलं."

"मग हवेतून आण."

रागावून बोलली नाही ती. मागितलं फक्त. आणि मला तिचं खोडून काढता येईना, कारण बाजूची फट मलाही दिसत होती. तिला हवं होतं असं झाकण, ज्याला फट नाही.

त्या दुपारी ती भिंतीला टेकूनच झोपली. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले आणि सगळीकडं झाकणं शोधत राहिले. खाटेखाली एक गुंडाळी दिसली. नव्या ऑफिसातल्या एका कपाटावरचं निघालेलं जाड प्लास्टिक तिचे वडील घेऊन आले होते, पावसाळ्यात छतावर घालायला. स्वच्छ, आरपार दिसणारं. नव्या जिल्ह्याचं आमच्या घरात आलेलं तेवढंच एक.

मी मावशींकडं खुरपं मागितलं.

"कशाला?"

"आडाजवळ खड्डा करते थोडा. चालंल का?"

"कर की. माती काय माझ्या माहेरची हाय." त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी खणायला लागले तशा म्हणाल्या, "बाया खडी फोडायला रोजगार हमीवर चालल्या, तू घरीच काम काढलंस व्हय गं पंचशीला. हजेरी कुणी लावायची?"

"तुम्ही लावा."

"मग जरा खोल खण. मुकादमाला दिसलं पाहिजे."

काळी माती, वरून फुफाटा, आत दगडासारखी. तारी हातानं ढेकळं बाहेर काढत होती. परातीएवढा खड्डा झाला. त्यात भांडी घासलेलं राखेचं, खरकटं पाणी ओतलं. मधोमध एक रिकामं पातेलं ठेवलं. वरून प्लास्टिक ताणलं, कडेनं सगळीकडं माती आणि दगड दाबले, कुठं फट म्हणून ठेवली नाही. शेवटी प्लास्टिकच्या मध्यावर, पातेल्याच्या बरोबर वर, एक खडा ठेवला म्हणजे तिथं खोलगट होईल आणि थेंब घरंगळत तिथंच येतील.

"आता?" तारी म्हणाली.

"आता ऊन काम करील."

ऊन कमी नव्हतंच. थोड्या वेळात प्लास्टिकला आतून घाम फुटला. मग घामाचे थेंब झाले. तारी पोटावर पडून बघत होती, मी तिच्या डोक्यावर पदर धरून बसले होते. एक थेंब सरकला, दुसऱ्याला मिळाला, जड झाला आणि खड्याखालून पातेल्यात पडला. 'टप्प'. तिनं माझ्याकडं बघितलं. आडाच्या 'ठक'नंतर पाण्याचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा.

उन्हं उतरल्यावर उघडलं. पातेल्याच्या तळाला स्वच्छ पाणी. तारीनं वास घेतला. "राखेचा वास नाही."

"राख खालीच राहिली. पाणीच तेवढं वर गेलं आणि आलं."

तिनं पातेलं खाली ठेवलं. मग प्लास्टिकला हात लावून म्हणाली, "एवढं झाकण नसलं तर? बाहेर?"

मी वर बोट दाखवलं. ती मान मागं टाकून आभाळाकडं बघत राहिली, इतकी की तोल जाऊन बसली.

पाणी मात्र प्याली नाही. ते पप्पांसाठी ठेवायचं म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या साडीला धरून तिनं आपणहून विचारलं, "आणि मी पिते ते? तेसुद्धा येतं?"

हाताचा आरसा रात्रभर माठाला टेकून ठेवलेला होता, गार झाला होता. तो मी तिच्या तोंडापुढं धरला. "हा कर." तिनं हा केला. आरसा धुरकटला. तिनं बोट फिरवलं, बोट ओलं झालं.

"हे तू प्यालेलंच पाणी," मी म्हटलं. "घामातून येतं, श्वासातून येतं. वरच्या झाकणाखाली जातं आणि फिरून येतं. पावसाला उशीर होतो कधीकधी. पण ते कुठं संपत नाही."

त्या दिवशी ती अर्धा ग्लास प्याली. अर्धाच. अर्धा परत माठात गेला. मी तेवढ्यावरही मनातल्या मनात हात जोडले.

नळ आला तो त्याच दिवशी. मावशींनी तोटी सोडली, त्यांचे हंडे भरले, आमचे भरले. नंतर त्या गल्लीत कुणाकडं तरी बारशाला गेल्या. मी आत डाळ पाखडत होते. तारीचा अंगणात चालण्याचा आवाज येत होता, ये-जा, ये-जा. चांगलं वाटलं. बरेच दिवसांनी ती इतकी चालत होती.

बाहेर आले तर ओट्यापासून आडापर्यंत ओली रेघ. प्लास्टिकची एक बाजू उचललेली, खड्डा काठोकाठ भरून पाणी आत झिरपायला लागलेलं. मावशींच्या मोठ्या तांब्याच्या हंड्यात तळ दिसत होता, आणि त्या हंड्याच्या कडेला आमचा पितळी तांब्या अडकवून ठेवलेला. तारी ओट्यावर उभी होती. परकराला पाणी, पायाला चिखल.

"काल थोडं घातलं तर थोडंच आलं," ती म्हणाली. "आज खूप येईल."

आमच्या हंड्यातलं तिनं घेतलं नव्हतं. ते पप्पांचं होतं.

मी आमचा तांब्या आधी उचलला. पदरानं त्यांच्या हंड्याचा काठ पुसला. मग माझं मलाच कळलं की पुसून काही होत नसतं. आमचा भरलेला हंडा त्यांच्यात ओतावा, तर ते त्या घेतील का, आणि त्यांनी नाही घेतलं तर मी तारीला काय सांगू. डोळ्यांपुढं सामान बांधलेलं दिसायला लागलं. फोटो खाली उतरवलेला. नव्या जिल्ह्यात परत खोल्या हिंडत फिरायचं, या उन्हात, या पोरीला घेऊन.

एवढ्यात मावशी फाटकातून आत आल्या. त्यांनी रेघ बघितली, हंडा बघितला, माझ्या हातातला तांब्या बघितला. त्यांना सगळं कळलं, हे मला कळलं.

"मावशी, आमचा हंडा भरलेला आहे, तो..." मी सुरुवात केली.

"आज्जी," तारी मधेच म्हणाली, "मी तुझं पाणी पेरलंय."

मावशी थांबल्या. "काय केलंस?"

"पेरलंय. खड्ड्यात."

"आस्सं. मग उगवतंय कवा?"

"संध्याकाळी. पण सगळं नाही उगवत. थोडं माती पिते."

"माती पितीच. माझी आख्खी जिंदगी प्याली." मावशी ओट्यावर चढल्या, हंडा कलता करून आत बघितलं, परत ठेवला. मी पुन्हा तोंड उघडलं तर हातानंच थांबवलं. "तू गप बस. आमचं दोघीचं बोलणं चाललंय." मग तारीला म्हणाल्या, "मला न इचारता पेरलंस. खोडी केलीस का न्हाई?"

"केली."

"मग उगवल्यावर पयला वाटा कुणाचा?"

"तुझा."

"हाव. ध्यानात ठेव." आणि त्या आत निघून गेल्या. पाणी मातीत उतरलं तसं मी रिकामं पातेलं परत मधोमध ठेवलं, प्लास्टिक ताणून कडेला माती दाबली, वर खडा ठेवला. दगड नीट बसेनात, एकेक दोनदा बसवला.

संध्याकाळी पातेल्यात चांगलं वाटीभर पाणी साचलं होतं. तारीनं कुणाला हात लावू दिला नाही. वाटीत पाणी काढून घेतलं, दोन्ही हातांत धरून, पायापुढं बघत, ओट्याकडं चालली. मी मागं.

"आज्जी, तुझं परत आलं."

मावशी पाटावर बसल्या होत्या. आमची वाटी, तारीच्या हातातली. मला वाटलं, त्यांना एक वाट मोकळी ठेवावी, लेकराचंही मन राहावं. म्हणून मी म्हटलं, "मावशी, तुळशीला घाला ते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चांगलं निरखून बघितलं. "तुळस तर कवाच वाळली बाई," त्या म्हणाल्या. मग तारीला, "पन म्या एकटी पीत नसते. आधी तू. मोठा गिलास. भरून."

"हे तुझं आहे."

"ह्यातलं न्हाई. तुमच्या माठातलं आन."

तारी जागची हलली नाही. "ते पप्पांचं आहे."

हे मावशींना माहीत नव्हतं. मी त्यांना कधी बोलले नव्हते. हात पुढं करून त्यांनी तारीच्या फुटलेल्या ओठावर अंगठा टेकवला, काढला. "म्हनून व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मग नेहमीच्या आवाजात, "हे बघ. तुझा बाप आता माझ्याकडं लागला. शनवारी आला की त्याला ह्या वट्यावरून पानी. माझ्या हंड्यातलं. गूळ तू द्यायचा, पानी म्या. हाय कबूल?"

"नळ नाही आला तर?"

"तर मग तू हायस की पेरायला."

तारीनं विचार केला. खूप वेळ केला. मग वाटी ओट्यावर ठेवून आत पळाली, आणि ग्लास भरून घेऊन आली. आमच्यापुढं उभी राहून प्यायला लागली. एक घोट, दुसरा. तिसऱ्याला थांबली, सवयीनं ग्लासात बघितलं. मावशींनी वाटी हातात घेतली आणि थांबून राहिल्या. तारीनं त्यांच्याकडं बघत ग्लास परत तोंडाला लावला. तिच्या गळ्यातून पाणी उतरताना मला दिसत होतं. मी ते प्रत्येक वेळी दिसेपर्यंत श्वास घेत नव्हते. ग्लास रिकामा झाला. तिनं तो उलटा करून दाखवला.

"आता माझी पाळी," मावशी म्हणाल्या.

त्या कायम वरून पाणी पितात. तांब्या ओठाला लागू देत नाहीत, स्वतःच्या घरातलाही. त्या संध्याकाळी त्यांनी वाटी दोन्ही हातांनी धरली आणि ओठाला लावली. सगळं प्याल्या. वाटी खाली ठेवून जिभेनं चव घेतली.

"फिकं हाय," त्या म्हणाल्या. "मिठाबिगर डाळीगत. पन पानीच हाय."

तारीचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडं बघितलं.

"तू प्यालीस ते बी परत येतंय म्हनं?" मावशींनी विचारलं.

"हाव. आरशावर दिसतं. सकाळी दाखवते. आत्ता आरसा गरम आहे."

"सकाळी तर सकाळी. म्या कुठं चाललेय."

पाणी आमच्या घरात येत होतं ते नगरपालिकेच्या नळाचं, आमच्याही वाट्याचं. त्यासाठी मी कुणाचे उपकार मानले नाहीत आणि मानणार नाही. पण माझ्या लेकरानं आपल्या नव्या विश्वासाचं पहिलं फळ ज्यांच्यापुढं धरलं, त्या बाईंनी ते बाजूला सारलं असतं, नुसतं 'ठेव तिथं' म्हटलं असतं, तरी तारीचं ज्ञान तिथंच संपलं असतं. माझी बर्फाची लादी, मेणाची पळी, उलटी ताटली, सगळं वाया. ते त्यांनी होऊ दिलं नाही. त्यासाठी त्यांना काय ओलांडावं लागलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आजही केवळामावशींचं नाव निघालं की माझा हात नकळत छातीशी जातो.

सकाळी त्या खरंच आल्या. तारीनं आरसा माठाला टेकवून गार केलेला होता. तिनं हा केला, मग मावशींनी केला. मावशींचा ढग मोठा पडला.

"आज्जी, तू काल जास्त प्यालीस," तारी म्हणाली.

"वाटीभरच तर दिलंस की गं, चिंगूस."

आठवडाभरात रंग निवळला, ओठ भरले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी कातडी धरली, ती पटकन खाली बसली. त्यांनी विचारलं, काय केलं. मी म्हटलं, शेजारच्या बाईंनी पाजलं.

शनिवारी दुपारी तिचे वडील आले, धुळीनं माखलेले. फाटकातच मावशींनी त्यांना ओट्यावर बोलावलं. तारीनं गुळाचा खडा दिला. मावशींनी हंड्यात तांब्या बुडवला. तो आमचा पितळी तांब्या होता, त्या दिवसापासून त्यांच्याच ओट्यावर राहिलेला. त्यांनी तो भरून, धार न धरता, सरळ त्यांच्या हातात दिला. ते बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच म्हटलं, प्या.

ते पीत असताना तारी त्यांच्या गळ्याकडं बघत होती. तांब्या निम्मा झाला, पाऊण झाला. त्यांनी तोंड पुसलं, "आणखी हाय का?" म्हणाले.

"बक्कळ हाय," मावशी म्हणाल्या.

तारी ओट्यावरून उतरली, आमच्या दारापर्यंत पळत गेली आणि तिथं उभी राहून, मी समोर अंगणातच असताना, मोठ्यानं ओरडली,

"आई, नीळ्ळू."